डबींतलें खापर

इतिहासाच्या तासाला मोहेंजोदडोच्या मुद्रांची हकीकत ऐकली आणि मला माझ्या पत्र्याच्या डबीची आठवण होऊन लाज वाटली. मामांच्या शेतांत नांगरटीच्या वेळीं सांपडलेलें, काळ्या नक्षीचें एक खापर मीं तींत दोन वर्षें लपवून ठेविलें होतें.

हडप्प्याची एक मुद्रा कनिंगहॅम यांनीं १८७५ सालींच प्रसिद्ध केली. पण ती परदेशी असावी, असें त्यांस वाटलें. आपल्या देवदत्त भांडारकरांनीं तर मोहेंजोदडो प्रत्यक्ष पाहून तें दोनशें वर्षांपूर्वींचें ठरविलें! (एवढ्या विद्वानास हंसण्याचा अधिकार मला नाहीं.) पुढें दयाराम साहनी व राखालदास बॅनर्जी यांच्या उत्खननांत तशाच मुद्रा निघाल्या, तरी त्यांचा काळ कोणास सांगतां येईना. तेव्हां जॉन मार्शल यांनीं त्यांचीं छायाचित्रें २० सप्टेंबर १९२४ च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकांत सामान्य वाचकांपुढें ठेविलीं. पुढच्याच अंकांत प्राध्यापक सेस यांचें पत्र आलें, कीं अशाच वस्तु इराणांत सूसा येथें सांपडल्या आहेत. त्यानंतरच्या अंकांत ब्रिटिश म्यूझियममधील दोघां पंडितांनीं सुमेरशीं साम्य दाखविलें. एका पंधरवड्यांत आपला इतिहास इसवी सनापूर्वींच्या तिसऱ्या सहस्रकापर्यंत मागें गेला!

दुसऱ्या दिवशीं डबी घेऊन मी सरांकडे गेलों. त्यांनीं खापर उलटसुलट करून पाहिलें.

"अरे, हें नेमकें कोठें सांपडलें? शेजारीं आणखी कांहीं होतें का?"

मला बांधसुद्धां आठवेना. तें शेत मामांनीं गतवर्षीं विकलें आहे.