घेताना कळलेलं, विकताना लपवलेलं

‘एका हाताची गाडी आहे, पेपर क्लिअर, फक्त पेट्रोल टाका आणि चालवा.’ जुन्या मोटारसायकली विकणाऱ्या दुकानात हे शब्द हमखास कानावर पडतात. ते खोटे असतीलच असं नाही. मालक खरोखर एकच असेल, कागदही स्वच्छ असतील. पण ती गाडी समोरून ठोकली गेली होती का, पाण्यात बुडाली होती का, हे त्यात कुठेच येत नाही.

जुनी मोटारसायकल हौसेने घेणारे थोडे. ती घेतो एमआयडीसीत नुकता लागलेला मुलगा, पहाटे दूध घालणारा, घरोघरी जेवण पोचवणारा. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही म्हणून तो इथे येतो. ज्याला फसणं सगळ्यांत कमी परवडतं, त्याच्यावरच फसण्याची पाळी येते, हे मला फार लागतं.

मी सांगलीचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्यांच्या रांगा आम्ही पाहिल्या. कोल्हापुरात पंचगंगेने तेच केलं. 2021 च्या जुलैत चिपळूणने वाशिष्ठीचा तसाच पूर सोसला. त्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. धुऊन-पुसून बऱ्याच पुन्हा रस्त्यावर आल्या, आणि यात गैर काहीच नाही. इंजिन उघडून साफ केलं, ऑइल आणि बेअरिंग बदलली, वायरिंग नवं घातलं, तर अशी गाडी वर्षानुवर्षं साथ देते. वायरिंग तेच ठेवलं, तर मात्र कपलरच्या आत गंज मुकाट्याने वाढत राहतो आणि एखाद्या रात्री घाटात हेडलाइट जातो. ठोकलेल्या गाडीचंही तसंच. फोर्क बदलता येतो, टाकीला रंग देता येतो. पण चेसिस मानेपाशी वाकलेलीच राहिली, तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. दुचाकीवर तोल गेला की मध्ये पत्रा नसतो, थेट रस्ता लागतो.

जाणता मेकॅनिक हेडलाइटच्या काचेआडची गाळाची रेघ, सीटखालचे गंजलेले बोल्ट, हँडलच्या लॉकपाशी उडालेला रंग पाहून गाडीची कुंडली सांगतो. डीलरही हे सगळं पाहतो, आणि तेही गाडी विकत घेताना. ‘पुराची दिसतेय’, ‘फोर्क बदललाय’, ‘मीटर मागे घेतलाय’, असं म्हणत तो मालकाला भाव उतरवायला लावतो. तो त्याचा धंदा आहे, आणि जोखमीचा भाव कापणं रास्तही आहे. पण तीच गाडी आठ दिवसांनी पॉलिश होऊन दुकानाच्या दारात उभी राहते, तेव्हा त्यातला एकही शब्द पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही. ज्या माहितीच्या बळावर भाव पाडला तीच दडवून भाव चढवायचा, इथे नफ्याची आणि अप्रामाणिकपणाची हद्द एकमेकींत मिसळते.

‘त्यांनी विचारलंच नाही’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. 1930 च्या माल विक्री कायद्यातही, काही अपवाद सोडले तर, पारखून घेण्याची जबाबदारी खरेदीदारावरच आहे. पण पारखायचं कशावरून? आरसी बुकावर मालक दिसतो, बँकेचा बोजा दिसतो, चेसिस आणि इंजिन नंबर दिसतात. अपघाताचा किंवा पुराचा रकाना त्यावर नाही, गाडी किती किलोमीटर धावली हेही नाही. मग ज्याला ठाऊक आहे त्याचं गप्प राहणं हेच गिऱ्हाइकाला ‘सगळं ठीक आहे’ असं ऐकू येतं.

वर्षानुवर्षं कागदावर डीलर स्वतःही नसायचा. मालकाच्या सह्या असलेले, मालकी बदलण्याचे 29-30 नंबरचे कोरे फॉर्म गाडीबरोबर हातोहात फिरायचे, आणि गाडी पहिल्या मालकाच्या नावावरून थेट शेवटच्या खरेदीदाराच्या नावावर जायची. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते राहून जायचं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गाडी किती का हात फिरलेली असेना, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. म्हणजे गाडी विकून मोकळा झालेला माणूसही अडकायचा, आणि मधला नामानिराळा राहायचा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी ही फट बुजवायला घेतली. डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, गाडी ताब्यात आल्याचं कळवावं लागतं, आणि ती त्याच्याकडे असेपर्यंत मालकाची जबाबदारी त्याची असते. गाडीच्या इतिहासात डीलरचं नाव यायला लागलं, हे मला मोठं पाऊल वाटतं.

नियमांनी नाव येईल, तोंड उघडेलच असं नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन दाखवलं, की खरेदीदाराला चांगली आणि वाईट गाडी वेगळी ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, आणि बाजारात वाईट गाड्याच उरतात. सांगलीतल्या गाडीबाजारालाही हे तंतोतंत लागू पडतं. इथे खरं बोलणाऱ्या डीलरची गाडी पडून राहते, कारण शेजारच्या दुकानात तसलीच गाडी ‘एकदम टकाटक’ म्हणून उभी असते. गप्प बसणाऱ्याने फक्त आपल्या गिऱ्हाइकाला फसवलेलं नसतं, शेजारच्या सचोटीच्या माणसाचा धंदाही बुडवलेला असतो.

तरीही अशी माणसं मी पाहिली आहेत. ओळखीचे एक डीलर बिलावरच लिहून देतात की पुढचा फोर्क बदललेला आहे, इंजिनचं काम झालेलं आहे. त्यांना काही हजार कमी मिळतात. पण गिऱ्हाइकाला पहिल्या पगारात आधी कोणतं काम करून घ्यायचं ते कळतं, आणि वर्षभराने तो धाकट्या भावाला त्यांच्याकडेच घेऊन येतो. दोष सांगितलेली गाडी विकत घेता येते, सांभाळता येते. लपवलेल्या दोषाची काळजी घ्यायला मात्र कुणी जागाच नसतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गाडी घेताना जे जे कळलं आणि ज्यासाठी भाव कापला, ते ते विकताना बिलावर लिहा आणि खाली सही करा. भाव उतरेल, उतरू द्या. केवळ गप्प राहिल्याने जे पैसे जास्तीचे मिळतात ते गाडीचे नसतात. पुढे तिच्यावर बसणाऱ्याच्या जिवावर काढलेले असतात, आणि त्यावर कोणत्याही डीलरचा हक्क नाही.