भूत कुणाच्या सोयीचं?

फासिल यांचा 'मणिचित्रताळ' हा मल्याळम चित्रपट डिसेंबर १९९३मध्ये केरळात लागला. त्याच वर्षी मराठीत महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला होता. तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो, यात आपल्याला काही वावगं वाटलं नव्हतं. फासिल यांनी मात्र प्रेक्षकाला अर्धाअधिक वेळ भूत दाखवलं आणि नंतर ते त्याच्या हातून काढून घेतलं. आपल्यापैकी बहुतेकांनी ही गोष्ट पाहिली ती २००७च्या 'भूल भुलैया'त, विद्या बालनच्या मंजुलिकेच्या रूपात. त्याआधी ती कन्नडमध्ये 'आप्तमित्र', तमिळमध्ये 'चंद्रमुखी' आणि बंगालीत 'राजमहल' होऊन आली होती. इतक्या भाषांतून फिरलेल्या या गोष्टीबद्दल तीस वर्षं एकच वाद रंगतो आहे: ती बाई झपाटलेली होती की आजारी? चित्रपट आजारी म्हणतो. पण वाद मिटत नाही, आणि तिकीटबारीचा कौल तर हळूहळू भुताकडेच झुकत गेला. या कौलामागे भुताची हौस थोडी आणि घरच्यांची सुटका जास्त आहे, असं माझं मत आहे. भूत निघालं की घरातला प्रत्येक जण निर्दोष सुटतो. आजार म्हटला की एकेकाकडे निरखून पाहावं लागतं.

मधु मुट्टम यांनी लिहिलेल्या मूळ गोष्टीतलं घर आधी पाहू. नकुलन हा इंजिनिअर. बायको गंगाला घेऊन तो कोलकात्याहून आपल्या वडिलोपार्जित वाड्यात राहायला येतो आणि आल्यापासून कामात बुडालेला असतो. गंगाला एवढ्या मोठ्या वाड्यात करायला काही नाही, बोलायला नवरा नाही. तिला तिथली जुनी कथा ऐकायला मिळते: तंजावरहून आणलेली नर्तकी नागवल्ली, तिला डांबून ठेवणारा कारणवर म्हणजे घराण्याचा कर्ता पुरुष, तिचा समोरच्या घरातला प्रियकर, आणि दुर्गाष्टमीला झालेला तिचा खून. कुलूपबंद खोलीची चावी गंगा करवून घेते, ती खोली उघडते आणि मग वाड्यात विचित्र प्रकार सुरू होतात. हा भाग सर्वांना पाठ असतो. विसरला जातो तो नकुलनचा मानसोपचारतज्ज्ञ मित्र डॉक्टर सनी पुढे शोधून काढतो तो भाग. गंगाचे आईवडील कोलकात्यात आणि मुलगी केरळात, आजीपाशी. आजीच्या गोष्टी, देवदेवता, यक्षिणी हेच तिचं जग. एके दिवशी आईवडील अचानक तिला न्यायला येतात आणि त्या एका धक्क्याने ती कोलमडते. पुढे लग्नानंतरही तिला मिळतो तो कामात गढलेला, सज्जन, प्रेमळ आणि सतत गैरहजर नवरा. या कथेत खलनायक शोधू गेलात तर सापडत नाही. कुणी तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. तिच्या आयुष्यातले सगळे निर्णय मात्र दुसऱ्या कुणीतरी, तिच्याच भल्यासाठी घेतलेले आहेत.

वाड्यात कपडे पेटू लागतात, जिवावर बेतणाऱ्या घटना घडतात, तेव्हा संशय कुणावर जातो हे पाहण्यासारखं आहे. तो जातो श्रीदेवीवर. तिच्या पत्रिकेत मंगळ म्हणून नकुलनशी तिचं लग्न होऊ शकलं नव्हतं. पुढचं लग्न टिकलं नाही आणि ती माहेरी राहते आहे. घरच्यांचा संशय तिच्यावर जाणं समजू शकतं. गंमत अशी की प्रेक्षकाचाही तिच्यावरच जातो. कॅमेरा तिला अंधाऱ्या जिन्यापाशी उभी दाखवतो आणि आपण लगेच हिशेब मांडतो: टाकलेली बाई, मनात सल, नव्या सुनेचा मत्सर. हे सगळं आपण चित्रपटाला आपल्या पदरचं पुरवतो. डॉक्टर सनी तर या पूर्वग्रहाचा उघड वापर करतो. खरी रुग्ण सावध होऊ नये म्हणून तो सगळ्यांसमोर श्रीदेवीलाच वेडी ठरवतो, आणि घरातलं कुणीही 'असं कसं होईल?' असं म्हणत तिच्या बाजूने ठामपणे उभं राहत नाही. बदलीचा बळी म्हणून मंगळाची मुलगी सर्वांना चालते. भुताची भीती वाटून गेली तरी ही गोष्ट मागे उरते, आणि रहस्य आधीच माहीत असलेला प्रेक्षक हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहतो तेव्हा तर तीच जास्त टोचते.

आता तो प्रसिद्ध प्रसंग. गंगाला घरातल्या अल्ली या मुलीबरोबर बाजारात जायचं आहे, अल्लीच्या लग्नाचे दागिने घ्यायला. ती तयार होऊन बसलेली आहे. डॉक्टरच्या सांगण्यावरून नकुलन तिला मुद्दाम सांगतो, जायचं नाही. ती कारण विचारते. तो तेच पुन्हा सांगतो. तिचा आवाज जड होतो, डोळे विस्फारतात, मल्याळम सुटून तोंडून तमिळ येऊ लागतं आणि एका हाताने ती पलंग उचलते. शोभनाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो या एका दृश्यासाठी दिला असता तरी कुणी तक्रार केली नसती. (पडद्यावरचा आवाज मात्र तिचा नव्हता. गंगाला एका डबिंग कलावतीने आवाज दिला आणि नागवल्लीला दुसरीने, आणि हे दुसरं नाव प्रेक्षकांना कळायला वीसेक वर्षं लागली.) पलंग सगळ्यांच्या लक्षात आहे. 'सामान्य बाईत एवढी ताकद येईल कुठून?' हा भूतवाद्यांचा लाडका पुरावाही तोच. पण ती मागत होती काय, हे विचारून पाहा. बरेच जण अडखळतील. तिला बाजारात जायचं होतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी तिला परवानगी लागत होती, आणि ती नाकारली तर काय होईल हे डॉक्टरला आधीच नेमकं ठाऊक होतं. नाचणारीला कोंडून ठेवणारा कारणवर आणि बायकोला बाजारात जाऊ न देणारा नवरा यांच्यात गंगाच्या मनाने जे साम्य पाहिलं, ते आजाराने ताणलेलं असेल, पण शून्यातून आलेलं नव्हतं.

रिमेक होत गेले तसा या घरावरचा झोत मंदावत गेला. मूळ चित्रपटात सनी झालेला मोहनलाल बऱ्याच उशिरा प्रवेश करतो. तोवर कथा गंगाची आणि त्या कुटुंबाची असते. विनोद भरपूर आहे, पण तो घरच्यांच्या भित्रेपणातून येतो. 'चंद्रमुखी'त रजनीकांत सुरुवातीलाच मारामारी करत येतो, आणि दिग्दर्शक पी. वासू यांनी वाड्यात एक भला थोरला नागही सोडला आहे. त्याचं काय करायचं हे शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही. ज्योतिकाने जीव ओतून काम केलं, तरी चित्रपट डॉक्टरचा झाला. 'भूल भुलैया'ने निदान निदान शाबूत ठेवलं. आचार्यांच्या भूमिकेत आपले विक्रम गोखले होते, आणि मंत्रविद्येच्या जाणकाराने मानसोपचारतज्ज्ञाला साथ द्यावी हा अवघड प्रसंग त्यांच्या संयमामुळे पटण्याजोगा झाला. पुढे २०२२मध्ये 'भूल भुलैया २' आला, त्यात भूत खरंखुरं निघालं आणि प्रेक्षक लोटले. २०२३च्या 'चंद्रमुखी २'मध्येही आत्मा खरा, आणि २०२४च्या 'भूल भुलैया ३'मध्येही. ज्या गोष्टीचा जन्मच 'भूत नाही' हे सांगण्यासाठी झाला, तिच्या वारसांनी पूर्वजाचं म्हणणं पार उलटवलं.

यावर सरळ आक्षेप असा येईल की लोक करमणुकीला येतात. भयविनोदी चित्रपटात भूत असणारच, त्यात समाजमन कशाला शोधायचं? नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचताना आपणही भूत आणि समर्थ दोघांनाही मनापासून मानतो, म्हणून कुणी अंधश्रद्ध ठरत नाही. आक्षेप रास्त आहे आणि नुसत्या भूतपटांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण इथे नवी भूतकथा रचलेली नाही, तर आजाराच्या कथेचं नाव, तिचं गाणं आणि तिची बंद खोली घेऊन त्यातला आजार तेवढा वगळला आहे. काय वगळलं की गर्दी वाढते, हे निर्मात्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. 'भूल भुलैया २'मध्ये पाप जुळ्या बहिणीचं आणि काळ्या जादूचं आहे. हवेलीतल्या नवऱ्याने, आईबापांनी आपल्या वागण्याचा विचार करावा असं त्यात काही उरत नाही. प्रेक्षक हलका होऊन बाहेर पडतो.

याहून वजनदार आक्षेप मानसशास्त्राच्या बाजूने येतो. आजाराचं खापर कुटुंबावर फोडणं हीसुद्धा एक जुनी अंधश्रद्धाच आहे. १९४८मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी स्किझोफ्रेनियाचं मूळ आईच्या वागण्यात पाहिलं, आणि पुढची काही दशकं पाश्चात्त्य मानसोपचारात आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. स्वमग्न मुलांच्या आयांना तर थंड काळजाच्या ठरवलं गेलं. या कल्पना पुढे टाकून द्याव्या लागल्या, पण तोवर असंख्य आयांनी नसलेल्या अपराधाचं ओझं वाहिलं. तेव्हा 'भूत नको म्हणून घरच्यांना धरा' असं मी म्हणत असेन तर ते चूकच. पण दोष आणि जबाबदारी यांत फरक आहे, आणि 'मणिचित्रताळ' तो पाळतो. गंगाचे आईवडील दुष्ट होते असं सनी कुठेही म्हणत नाही. आजार कुणामुळे झाला हा प्रश्न तो फार ताणत नाही. आता तिच्याकडे लक्ष कोण देणार, हा प्रश्न मात्र नकुलनपुढे येतोच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) ज्यांनी पाहिला असेल त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. त्यात अतुल कुलकर्णीच्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे. त्याची बहीण अपराधी नाही, पण भावाला सांभाळता सांभाळता दमून जाणं हाच तिच्या रोजच्या जगण्याचा मोठा भाग आहे. तिथे ना भूत आहे, ना आरोपी.

तिसरा आक्षेप खुद्द विवेकवादी मंडळींचा: शेवटी मांत्रिकालाच बोलावलंत ना? रिंगणं आखली, पुतळ्याचं मुंडकं उडवलं, मग विज्ञान कुठे राहिलं? वैद्यकीयदृष्ट्या तो उपचार पाठ्यपुस्तकातला नाही हे खरं आहे आणि सनीही आपण चाकोरी मोडतो आहोत हे मान्य करतो. पण तो विधी देखाव्याचा आहे हे करणाऱ्याला आणि करवणाऱ्याला दोघांनाही ठाऊक आहे. रुग्ण ज्या भाषेत दुःख सांगते आहे तीच भाषा वापरून तिला बाहेर आणायचं, एवढाच त्याचा हेतू. प्रत्यक्षातही असे प्रयत्न झाले आहेत. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दुव्याबरोबर दवाही मिळावी म्हणून मुजावरांना सोबत घेऊन मानसोपचार सुरू केले गेले. आणि भुताचं निदान एकट्याने केलं तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडी इथल्या आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यांना तिथे त्यांच्याच घरच्यांनी आणून सोडलं होतं, दर्ग्याच्या छायेत भूत उतरेल या भरवशावर. साखळी बांधणाऱ्या त्या सगळ्या घरांना निर्दयी म्हणता येणार नाही. भुताच्या निदानाने त्यांना घरी परतायची मोकळीक दिली होती.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३च्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्यात गुन्हे आहेत. कायदा मांत्रिकाला धरू शकतो. माणसाला मांत्रिकापर्यंत नेणाऱ्या घरातल्या शांततेला तो हात लावू शकत नाही. आपल्याकडच्या अंगात येण्याकडे या नजरेने पाहिलं तर गंगाची गोष्ट केरळची राहत नाही. एरवी जिला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं जात नाही, तिच्या अंगात आलं की सासरा हात जोडून उभा राहतो, दीर कपाळाला हळदकुंकू लावतो, सगळे विचारतात, "आई, काय चुकलं? काय हवं?" वारं ओसरलं की प्रश्न बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत या अनुभवाची स्वतंत्र नोंद आहे, आणि रूढ धर्मविधीचा भाग म्हणून येणारा अनुभव तिने आजारातून वगळला आहे. हा विवेक शहाणपणाचा आहे. अंगात येणारी प्रत्येक बाई आजारी नसते. पण काय हवं ते विचारून घ्यायला तिला देवी व्हावं लागतं, ही त्या घराची तपासणी आहे.

म्हणूनच 'झपाटलेली की आजारी?' या वादात भुताच्या बाजूने बोलणाऱ्यांचे पुरावे मला कधी पटले नाहीत, पण त्यांचा ओढा समजतो. गंगाला तमिळ इतकं अस्खलित कसं आलं, पलंग कसा उचलला गेला, याची पूर्ण उत्तरं चित्रपट देत नाही, आणि पटकथेतल्या त्या फटी मान्य केल्याच पाहिजेत. पण फटीतून भूत आत घ्यायचं की नकुलनकडे पुन्हा एकदा पाहायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि तिथे प्रेक्षकाची परीक्षा होते. २०२४च्या ऑगस्टमध्ये 'मणिचित्रताळ' नव्याने स्वच्छ करून केरळच्या चित्रपटगृहांत पुन्हा लावला गेला, आणि त्यानंतर अडीच महिन्यांत, दिवाळीला, 'भूल भुलैया ३' देशभर झळकला. हिंदी मालिकाच पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाने मूळ मल्याळम एकदा उपशीर्षकांसह जरूर पाहावा, आणि नागवल्ली येईपर्यंत मोबाइल चाळत बसू नये. खरा चित्रपट त्या पहिल्या तासातच आहे.