बारा हजारांची पायपेटी

बारा हजार. फ्रीलान्सरच्या भाषेत सांगायचं तर तीन लेखांचं मानधन, तेही वेळेवर आलं तर. एवढ्या पैशात साधी, नवी हातपेटी खोक्यासकट घरी येते. मला याच पैशात मिळणार होती एक फाटक्या भात्याची पायपेटी. चार सूर मुके, एक सूर लागला की थांबायचं नाव न घेणारा, उजवं पॅडल सुतळीने बांधलेलं. शिवाय ती होती भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात. आणि मी राहते नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये. शहाण्या माणसाने विषय तिथेच संपवला असता. मी तीन आठवडे घेतले.

तिकडे मी गेले होते झाडीपट्टी रंगभूमीवर लिहायला. पुण्या-मुंबईच्या मंडळींना अजूनही हे प्रकरण समजावून सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. धान घरात आलं की दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक. रात्री सुरू होणार, पहाटे संपणार, आणि प्रेक्षक थंडीत ब्लँकेट पांघरून तिकीट काढून बसणार. बहुतेक कंपन्यांचा मुक्काम वैनगंगेपलीकडे वडशाला. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या पेपरांनाही या रंगभूमीची बातमी झाली. पण माझा विषय नाटक नव्हे, नाटकासमोर बसणारा पेटीवाला. त्या गावात ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते एकेकाळी गावच्या मंडळाच्या नाटकांना साथ करायचे. वय सत्तरीच्या पुढे. आता साथीला सिंथेसायझर असतो, ज्याला गावात सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात, कंपनी कुठलीही असो.

मास्तरांना पेटी विकायची होती त्याचं कारण अगदी रोकडं होतं. घरकुल मंजूर झालंय. पावसाळ्याआधी जुनं मातीचं घर पाडायचं. सामान ठेवायला भावाकडे एक खोली, आणि तीत आधी धानाची पोती. भंगारवाला येऊन गेला होता. त्याला पेटीत रस नव्हता, पेटीतल्या पितळेत होता. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या जिल्ह्यात पितळेचा भाव सगळ्यांनाच तोंडपाठ. त्याने किती देऊ केले ते मास्तरांनी सांगितलं नाही. “तो सूर किलोवर मोजते जी,” एवढंच म्हणाले.

आता पायपेटी म्हणजे काय, ते. हातपेटीत डावा हात भाता मारण्यात अडकतो. पायपेटीत ते काम पायांकडे, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. मूळ हार्मोनियम अशीच होती, 1840 च्या दशकातली, पॅरिसची. हातपेटी नंतर आली, आपल्याकडे, कलकत्त्यात. कारण आपला गवई जमिनीवर बैठक मारतो, खुर्ची कुठून आणणार? पण रंगभूमीवर पायांनी चालवायचं वाद्य टिकलं. बालगंधर्वांच्या काळात संगीत नाटकासमोर ऑर्गन असायचा, तोही याच जातीतला, फक्त तो हवा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढतो. म्हणून त्याचा आवाज जास्त गोल. मास्तरांची पेटी घडीची. पाय मिटले की मोठ्या ट्रंकेएवढी होते. बैलगाडीत, ट्रॅक्टरवर, एकदा तर म्हणे डोंग्यातून तिने नदी ओलांडलीय.

पाहणी करताना मी होते-नव्हते तेवढे ज्ञान पणाला लावलं. लहानपणी पेटीच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्यात, आणि निघण्याआधी एका पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांना फोनवर अर्धा तास पिडलं होतं. त्यांनी सांगितलेली पहिली परीक्षा भात्याची. पॅडल मारून भाता भरायचा, पाय काढायचे, एकच पट्टी दाबून सेकंद मोजायचे. इथे एक... दोन... संपलं. म्हणजे कापड, कातडं, सगळं नवं.

दुसरी परीक्षा किडीची. मागची फळी काढून टॉर्च मारला. कोपऱ्यात बारीक भोकं दिसली, पण ताजा भुसा नव्हता. कीड जुनी, बहुधा मेलेली.

तिसरी गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. पांढऱ्या पट्ट्या कशाच्या? जुन्या विलायती वाद्यांत त्या हस्तिदंताच्याही असतात, आणि तसं असेल तर वाद्य कितीही गोड असो, सौदा करायचाच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्या देशात हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. हस्तिदंती पट्टी सहसा दोन तुकड्यांची असते, जोडाची रेघ दिसते, आणि दाताचे बारीक रेषारेषांचे पोतही. इथे पट्टी एकसंध, पिवळट, सपाट. सेल्युलॉइड. हुश्श.

राहिले सूर. मुके चारपैकी तीन नुसत्या कचऱ्याने अडकले होते. मास्तरांनी जिभळी पातळ कागदाने हलकेच उचलली आणि सूर बोलला. चौथी चिरलेली, ती बदलावी लागणार. बाकीचे थोडे उतरलेले. सूर लावणं ही काय चीज आहे ते तेव्हा पाहिलं: जिभळी टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. घासलेलं परत येत नाही. म्हणून मास्तर दोनदा घासणार आणि दहादा ऐकणार.

याच सुरांमुळे पेटीची किती बदनामी झालीय! तिचे बारा सूर समान अंतरावर पक्के केलेले, मींड नाही, श्रुती नाही. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये तिला स्टुडिओबाहेर काढलं ते 1971 पर्यंत. तिकडे रेडिओवर बंदी आणि इकडे झाडीपट्टीत रात्रभर तिच्याच जोरावर पदं. मला यात गंमत वाटते.

नागपुरात आल्यावर हिशेब मांडला. पेटी बारा हजार. भाता, कातडं, एक नवा सूर, पॅडल आणि पूर्ण ट्यूनिंगचे काकांनी न पाहता आठ ते दहा सांगितले. टेम्पो अडीच. म्हणजे चोवीस हजार, वर हमाल. लॅपटॉपसाठी साठवलेले पैसे जवळजवळ तेवढेच. आयटीतला मित्र म्हणाला, “यार, एक मिडी कीबोर्ड घे, त्यात पायपेटीचा साऊंड पण लोड करता येईल.” येईलही. आई म्हणाली, “वाजवणार कोण?” हा प्रश्न जास्त अवघड होता. कारण मास्तरांनीही तोच विचारला होता, वेगळ्या शब्दांत: “नेऊन शोकेसमंदी ठेवाल, तं मंग भंगारवाला काय वाईट?”

‘व्हिंटेज’ नावाचा जो आजार आपल्या पिढीला झालाय, त्याचं हेच दुखणं आहे. कॅफेत भिंतीवर ग्रामोफोन, लॉबीत बंद पडलेली शिवणयंत्रं. पायपेटी फोटोत भन्नाट दिसेल हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, आणि म्हणूनच स्वतःवर भरवसा नव्हता. म्हणून तीन आठवडे काकांकडची पायपेटी रोज अर्धा तास वाजवून पाहिली. पायांची लय आणि हातांची लय वेगळी ठेवणं म्हणजे गाडी चालवत पोळ्या लाटण्यासारखं आहे. पोटऱ्या दुखल्या. तरी चौथ्या दिवशीही गेले, चौदाव्या दिवशीही.

पेटीच्या झाकणाला आतून पेन्सिलीने गावांची नावं आहेत. सोबत वर्ष, नाटकाचं नाव आणि कुठे कुठे मिळालेले पैसे. 1978 ला पंधरा रुपये. काही ओळी पुसट, एका ओळीवर पाणी पडलेलं. काकांना फोटो पाठवला तर म्हणाले, पॉलिश करताना ते सगळं जाईल, छान दिसेल.

मी मास्तरांना फोन केला आणि भाव न करता हो म्हटलं. दोन हजार विसार पाठवला. त्यांनी दोन अटी घातल्या. चिरलेला सूर ते स्वतः बदलून देणार, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि झाकणाला आतून हात लावायचा नाही. रोवणी सुरू झाली की टेम्पो मिळत नाहीत, त्यामुळे ती जूनच्या पहिल्या आठवड्यात येतेय. जागेसाठी माझं कॉम्प्युटर टेबल विकायला काढलंय. सागवानी आहे, एक ड्रॉवर अडकतो. तिसऱ्या मजल्यावरून स्वतः उतरवून नेणाऱ्यास सवलत.