बहात्तर तासांत बांधलेलं घर

कंदिलाची काच कशानं पुसतात? पावसाळ्यात काडेपेटी सादळली, तर दिवा कसा लावायचा? आज किती घरांतल्या मुलांना याचं उत्तर देता येईल, सांगा. ज्यांनी ही कामं वर्षानुवर्षं केली ती माणसं अजून आपल्या घरात आहेत, पण त्यांना कुणी विचारत नाही. आणि न विचारता सांगायला गेलं, तर तरुण मंडळी मोबाइलमधून मान वर करत नाहीत. आमच्या घरी मात्र गेल्या पावसाळ्यात हे प्रश्न तीन दिवस सतत विचारले गेले, आणि तेही चक्क एका कॉम्प्युटर गेमसाठी!

आम्ही बडोद्याला राहतो. मी शाळेत चित्रकला शिकवते, मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. २०२३ साली वाईचं आमचं जुनं घर विकलं आणि माझी आई आमच्याकडे राहायला आली. आता तिचं वय ७६ आहे. खाण्यापिण्याची, औषधपाण्याची कसली तक्रार नाही. पण बोलणं कमी झालं. नात इंग्रजी शाळेत शिकलेली. तिचं मराठी घरापुरतं. त्यामुळे आजी-नातीचा संवाद ‘जेवलीस का?’ आणि ‘हो’ यापुढे फारसा जात नसे. दोघींचा एकमेकींवर जीव होता, पण बोलायला विषय नव्हता.

तो विषय मिळाला, एका ‘गेम जॅम’मुळे.

हे जॅम म्हणजे काय?

संगीतकार एकत्र जमतात आणि तालीम न करता, आयत्या वेळी सुचेल ते वाजवतात, त्याला जॅम म्हणतात. तोच शब्द गेम बनवणाऱ्यांनी उचलला. ठरलेल्या वेळी एक विषय जाहीर होतो आणि त्यावर ४८ किंवा ७२ तासांत एक छोटा गेम तयार करून द्यायचा असतो. २००२ साली जेफ हाउलंड यांनी सुरू केलेला ‘लुडम डेअर’ हा यातला जुना आणि नावाजलेला जॅम. २००९ साली पहिला ‘ग्लोबल गेम जॅम’ झाला, तेव्हा २३ देशांतले सोळाशेहून अधिक लोक एकाच शनिवार-रविवारी गेम बनवायला बसले होते. यात बहुधा मोठी बक्षिसं नसतात. एकमेकांचे गेम खेळायचे, मतं द्यायची आणि आपापल्या कामाला लागायचं!

आम्ही भाग घेतला तो जॅम लहान होता. मुदत शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार संध्याकाळ, ७२ तास. विषय जाहीर झाला ‘उजेड’. मुलीनं जाहीर केलं, “मी पॉइंट अँड क्लिक करणार. चित्रं आई काढणार.” मला विचारलंही नाही!

पॉइंट अँड क्लिक हा प्रकार ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. यात मारामारी नसते की गाड्यांची शर्यत नसते. पडद्यावर एका जागेचं चित्र असतं. त्यातल्या वस्तूंवर माउसनं टिचकी मारायची. काही वस्तू उचलता येतात, काही उघडता येतात, काहींविषयी नुसतं एखादं वाक्य येतं. मग या वस्तूचा उपयोग त्या वस्तूवर करत एकेक कोडं सोडवत पुढे जायचं. १९८७ सालच्या ‘मॅनियाक मॅन्शन’नं खेळाडूची टायपिंगमधून सुटका केली. ‘उघड’, ‘उचल’, ‘दे’ अशी क्रियापदं पडद्यावरच मांडली आणि त्यांतून निवडायची सोय केली. १९९३ साली आलेला रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा ‘मिस्ट’ तर कित्येक वर्षं सर्वाधिक खपाचा कॉम्प्युटर गेम होता.

पण मला सगळ्यात आवडली ती त्याही आधीची गोष्ट. १९८० साली कॅलिफोर्नियात रोबर्टा विल्यम्स या दोन मुलांच्या आईनं एका रहस्यमय वाड्याची कथा रचली, त्यातली चित्रं काढली आणि तिच्या नवऱ्यानं, केननं प्रोग्रॅम लिहिला. तो ‘मिस्टरी हाउस’. साहसकथेच्या गेममध्ये चित्रं आली ती तिथून. म्हणजे या प्रकाराचा जन्मच एका संसारी घरातला!

आजीनं घातलेलं कोडं

विषय ‘उजेड’, म्हणून मुलीनं ठरवलं की पावसाळ्यातली संध्याकाळ, वीज गेलेली, घरात एकटी मुलगी आणि तिला कंदील लावायचाय. “काडेपेटी शोधायची, कंदील लावायचा, संपलं,” ती म्हणाली. बाजूला आई मटार सोलत बसली होती. ती मान खाली घालूनच म्हणाली, “काडेपेटी सादळलेली असणार.”

“सादळलेली म्हणजे?”

आईनं सांगितलं. वाईच्या पावसात काड्या ओढल्या की गुलच गळून पडायचा. “मग तुम्ही दिवा कसा लावायचा?” नातीचा पुढचा प्रश्न. “चुलीत निखारा असायचा की. सकाळचा स्वयंपाक झाला की राखेखाली झाकून ठेवायचा. संध्याकाळी राख बाजूला केली की खाली लालभडक.”

नात लॅपटॉप मिटून आजीपुढे येऊन बसली. अर्ध्या तासात कोडं तयार झालं. खुंटीवरचा कंदील उंचावर आहे. तो कपडे वाळत घालायच्या काठीनं उतरवायचा. काच काजळलेली आहे. ती पुसायला राख हवी. राख चुलीत आहे. काच पुसायला म्हणून राख काढली की तिच्याखाली निखारा दिसतो. मग फुंकणीनं फुंकर घालायची, कागदाची सुरळी पेटवायची. रॉकेल ओतायला नरसाळं लागतं आणि ते दुसऱ्याच कामासाठी कुठेतरी अडकवलेलं असतं. एका गोष्टीसाठी हात घालावा आणि दुसरी गवसावी, हेच तर या खेळाचं मर्म. पेशानं गेम बनवणारे ज्याच्यासाठी डोकं खाजवतात, ते आईनं मटार सोलता सोलता सांगितलं. तिचा सगळा जन्मच ‘हे हवं तर आधी ते’ या हिशेबात गेला होता.

मुलीनं सुचवलं, कंदील काढायला पाटावर पाट ठेवून चढू या. आई ठाम होती. “पाटावर पाट ठेवून चढतात का? पडेल ती.” शेवटी खेळाडूनं तसा प्रयत्न केला, तर हेच वाक्य पडद्यावर येईल असं ठरलं.

कुठली खोली ठेवायची?

शुक्रवारी रात्री मी घराचा नकाशा काढला. ओसरी, दिवाणखाना, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि परस. एक चित्र पेन्सिलीनं काढून जलरंगात रंगवायला मला चार-पाच तास लागणार होते. मुलीनं बोटं मोजली आणि सांगितलं, “दोनच. फार तर दोन. बाकीच्या चार खोल्या जाणार.” जॅममध्ये काय करायचं यापेक्षा काय सोडून द्यायचं, हेच आधी ठरवावं लागतं.

पुण्याला दादाला फोन लावला. तो म्हणाला, “ओसरी पाहिजेच. झोपाळा, बाबांची खुर्ची. ओसरीशिवाय आपलं घर कसलं?” माझंही मन तिकडेच होतं. आमचं बालपण त्या झोपाळ्यावर गेलं. पण मुलीनं आजीला विचारलं.

आई म्हणाली, “स्वयंपाकघर आणि परस.”

“आणि ओसरी?”

“ओसरीवर मी चहा घेऊन जायची. राहायची इकडे.”

एवढंच बोलली. तक्रारीचा सूर नव्हता. मी पेन्सिल हातात धरून तशीच बसले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं आम्ही एकाच घराविषयी बोलत आलो आणि प्रत्येकाचं घर वेगळं होतं! दादा नाराज झाला, पण मी ओसरीवर रेघ मारली आणि रात्री अकराला चूल काढायला बसले. आई शेजारी होती. “वैल उजव्या हाताला. फडताळ एवढं बुटकं नव्हतं. कोनाडा वर घे.” शनिवारी परस झालं. विहीर, रहाट, धुण्याचा दगड, अळूची पानं.

प्रत्येक वस्तूला एक वाक्य

चित्रं झाली तरी गेम होत नाही. टिचकी मारल्यावर प्रत्येक वस्तूनं काहीतरी बोललं पाहिजे. दोन चित्रांत मिळून २१ वस्तू होत्या आणि खेळाडूच्या हातात येणाऱ्या सात. म्हणजे सात गुणिले एकवीस, १४७ जोड्या. एवढी उत्तरं कोण लिहिणार? म्हणून भलत्यासलत्या प्रयोगांसाठी एक सरसकट उत्तर ठेवतात. आमचं उत्तर होतं, “अगं, असं कसं चालेल?” हे मी लहानपणी किमान हजार वेळा तरी ऐकलं असेल.

बाकी २१ वाक्यं आईनं सांगितली आणि नातीनं मराठीत टाइप केली. खाली बारीक अक्षरांत इंग्रजी, म्हणजे परगावच्या खेळाडूंना कळेल. पूर्वी गेम बनवायच्या पुष्कळ साधनांत देवनागरीचे हाल व्हायचे. पहिली वेलांटी भलत्या बाजूला पडायची, जोडाक्षरं फुटायची. मुलगी वापरते ते ‘गोडो’ हे साधन मोफत आहे. मार्च २०२३मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली, तेव्हापासून त्यात मराठी नीट उमटतं. ‘ख्रिस जोन्स’ या ब्रिटिश प्रोग्रॅमरनं केलेलं ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ तर खास याच प्रकारच्या गेमसाठी आहे आणि तेही मोफत मिळतं.

शिंकं झालं, पोहरा झाला, फुंकणी झाली. फडताळाच्या वरच्या कप्प्याशी आम्ही आलो. “इथं काय होतं, आजी?”

आई जरा थांबली. मग म्हणाली, “मास्तरीणबाईच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला होता, त्याचं पत्र. लग्नाच्या आधीचं.”

मी वीस वर्षं शाळेत शिकवते आहे. हे मला माहीत नव्हतं. “तू कधी बोलली नाहीस,” मी म्हटलं. “कधी निघालं नाही,” ती म्हणाली. “पत्र आहे का गं अजून?” नातीनं विचारलं. “कागद केव्हाच गेला. जागा लक्षात आहे.”

हे गेममध्ये ठेवायचं का, असं मुलीनं हळूच विचारलं. आई म्हणाली, “ठेव. पण ते सापडल्याशिवाय कंदील लागणार नाही, असं करू नकोस. ज्याला दिसेल त्याला दिसेल.” मुलगी मला नंतर म्हणाली की अशा गुपितासाठी गेमच्या दुनियेत नाव आहे, पण आजीला ते कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी शेजारचा सातवीतला मुलगा चाचणीला बसवला. गुजराती घरातला, चूल त्यानं फक्त ढाब्यावर पाहिलेली. तो वीस मिनिटं सादळलेल्या काड्याच ओढत बसला. राखेचा विचार त्याच्या मनातही येईना. यात त्याचा काय दोष? कोड्याचं उत्तर चित्रात आधी कुठेतरी दिसलं पाहिजे, नाहीतर ते कोडं नसून अडवणूक होते. म्हणून मी राखेवर धुराची एक अस्पष्ट रेघ काढली आणि धुण्याच्या दगडाशेजारी राखेनं लख्ख घासलेला तांब्या ठेवला. दुसऱ्या मुलाला ते बरोबर उमगलं. रात्री काच न बसवताच कंदील लागतो आहे असं दिसलं. ते दुरुस्त करता करता पहाटेचे तीन वाजले. सोमवारी मुदत संपायच्या चाळीस मिनिटं आधी गेम रवाना झाला. सरळ खेळलं तर अकरा मिनिटांचा.

क्रमांक विचाराल, तर मधलाच कुठलातरी आला. रहाटाचा आवाज चुकला आहे, ही आईची तक्रार अजून आहे. तो कपाटाच्या बिजागरीचा आहे हे तिनं पहिल्या क्षणी ओळखलं. दादानं ओसरी नाही म्हणून कुरकुरत गेम उघडला. रात्री त्याचा फोन आला. “त्या वरच्या कप्प्यातलं खरं आहे का?” त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, आईलाच विचार. दोघं बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आजी-नातीचं म्हणाल, तर आता रोज काहीतरी निघतं. मुलीच्या वहीत शब्दांची यादी वाढते आहे. घंगाळ, ढलपी, दोणी. आई काही पहिल्यासारखी झाली असं म्हणणार नाही. घर गेल्याचं दुःख गेममुळे भरून निघत नाही. पण कुणीतरी विचारतं आहे आणि आपलं सांगणं उपयोगी पडतं आहे, एवढं तिला कळलं आहे.

तुमच्या घरी कॉलेजात जाणारं कुणी असेल, तर पुढच्या सुट्टीत हे करून पाहा. महागडा कॉम्प्युटर लागत नाही, कागदावरच्या चित्रांचे मोबाइलनं फोटो काढले तरी चालतात. एक खोली घ्या, दहा वस्तू घ्या, तीन दिवसांची मुदत घाला आणि ती पाळा. मात्र कुठली खोली ठेवायची, हे त्या घरात सर्वांत जास्त राबलेल्या माणसाला विचारा.