मागे राहणारा रोटर

जळालेली मोटर भरायला आली की मी आधी तिची नेमप्लेट पुसतो. चार पोल, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. बाहेरच्या स्थिर भागातलं, म्हणजे स्टेटरमधलं, चुंबकीय क्षेत्र मात्र मिनिटाला १५०० फेरे घेत असतं. मधले ६० फेरे गेले कुठे, हा प्रश्न ज्या पोराला पडत नाही त्याच्या हाती मी कॉइल देत नाही.

मोटर चालते ती याच साठ फेऱ्यांवर. तीन फेजच्या गुंडाळ्या १२० अंशांच्या अंतराने बसवल्या की त्यांचं मिळून होणारं क्षेत्र गोल फिरू लागतं. ते आतल्या फिरत्या भागाच्या, म्हणजे रोटरच्या, सळ्या ओलांडत जातं, सळ्यांत वीज उपजते आणि त्या विजेच्या जोरावर रोटर क्षेत्रामागे धावतो. पाठशिवणीसारखंच हे, पण इथे शिवलं की सगळंच थांबेल. रोटर १५०० ला पोचला तर ओलांडणं संपेल, वीज संपेल, ओढही संपेल. भार वाढला की तो आणखी मागे पडतो, म्हणून जास्त वीज उपजते आणि जास्त जोर मिळतो. या मागे पडण्याला आम्ही स्लिप म्हणतो. बाहेरून एकही तार न जोडता रोटर आपल्यापुरती वीज स्वतःच मिळवतो, याचं मला आजही नवल वाटतं. १८८८ साली इटलीत फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला यांनी फिरत्या क्षेत्राची ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. पुढच्याच वर्षी जर्मनीत डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी तीन फेजची, सळ्यांच्या पिंजऱ्यासारख्या रोटरची मोटर बनवली. आजची इंडक्शन मोटर मुळात तीच आहे.

मी हात बसवला हुगळीकाठच्या ताग गिरण्यांच्या मोटरींवर. १८५५ साली रिश्र्याला पहिली गिरणी निघाली तेव्हा सगळं वाफेवर होतं. मोटरी नंतर आल्या. तागाला तेलपाण्याचा हात देतात, त्यामुळे उडणारं तूस चिकट होतं आणि मोटरीच्या पंख्याच्या जाळीवर, बाहेरच्या पन्हळींत गोधडीसारखं बसतं. अशी मोटर आतून सगळीकडे सारखीच काळवंडलेली निघते. एक फेज गेल्याने जळालेली मोटर वेगळी दिसते. स्टार जोडणी असेल तर दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि तिसरी कोरी. डेल्टा असेल तर एकच काळी. नवी तार भरण्याआधी हे पाहायलाच हवं. कारण न शोधता भरलेली मोटर पुन्हा जळते, आणि भुर्दंड गिरणीला बसतो.

पिंजऱ्याच्या मोटरीला झिजायला बेअरिंगपलीकडे फारसं काही नसतं, म्हणून दहांतल्या नऊ ठिकाणी मी तीच सुचवीन. तिची अडचण सुटतानाची. रोटर थांबलेला, स्लिप शंभर टक्के, आणि करंट नेहमीच्या सहापट. क्रेनसारख्या, भार घेऊनच उठणाऱ्या यंत्राला म्हणून स्लिपरिंगची मोटर देत. तिच्या रोटरची गुंडाळी कड्यांतून बाहेर काढून तिला रोध जोडायचा, आणि वेग धरला की तो टप्प्याटप्प्याने काढायचा. करंट कमी, जोर जास्त. पण ब्रश झिजतात, कडी घासावी लागतात.

घरचा छताचा पंखाही याच कुळातला, फक्त आतला भाग स्थिर आणि फिरतं ते बाहेरचं कवच. एकट्या फेजने क्षेत्र फिरत नाही, म्हणून दुसऱ्या गुंडाळीला कपॅसिटर लावतात. कोलकात्याच्या वैशाखात पंखा मंदावला की लोक घाबरून सबंध मोटर भरायला आणतात. बहुतेकदा चांदनी बाजारातून आणलेला एक कपॅसिटर पुरतो. प्रिन्स अन्वर शाह रोडला पंख्यांच्या उषा कंपनीचा कारखाना होता, त्या जागी आता साउथ सिटी मॉल आहे. हा रस्ता ओलांडताना मला वाईट वाटतं.

२४ ऑक्टोबर १९८४ ला कोलकात्याची एस्प्लनेड ते भवानीपूर मेट्रो सुरू झाली तेव्हा तिच्या गाड्यांना डीसी मोटरी होत्या, ब्रश आणि कम्युटेटरवाल्या. तिसऱ्या रुळावर अजून ७५० व्होल्ट डीसीच आहे, पण नव्या गाडीतला इन्व्हर्टर त्यातून तीन फेज तयार करतो. इंडक्शन मोटरीला सुटताना तो ५० हर्ट्झ देतच नाही. एखाद-दोन हर्ट्झपासून वेगाबरोबर चढवत नेतो. रोटर उभा असला तरी क्षेत्र त्याच्या थोडंसंच पुढे असतं, आणि रोध न लावता, ब्रश न घासता गाडी पूर्ण जोराने उचलली जाते.