हस्तलिखितांतील दुसरा हात

मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही भयकथा १८१८ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा १८१६-१७ मधील मूळ खर्डा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. त्यावर पति पर्सीनें आपल्या लेखणीनें फेरफार केलेले आहेत. चार्ल्स रॉबिन्सन या व्यासंगी रसिकानें दोघांचे हात निवडून, पर्सीचे फेरफार वगळलेला पाठहि २००८ सालीं छापविला. त्याच्या हिशेबानें ७२,००० शब्दांत पर्सीचे चार-पांच हजार! साध्या शब्दाच्या जागीं भारदस्त शब्द घालण्याकडे त्याचा कल. मेरीचा निखळ पाठ वाचतांना आम्ही मात्र ओशाळलों. तीस वर्षें विद्यार्थ्यांच्या निबंधांवर आम्हीहि तांबडी शाई अशीच चालविली. तीं खोडलेलीं वाक्यें आतां कोण शोधून छापणार?