आमच्या गल्लीतली केबल

रियाधहून आग्नेयेला निघालं, की सुमारे ८० किलोमीटरवर अल खर्ज लागतं. वाळवंटात एकदम हिरवी शेतं, खजुराच्या बागा आणि गाईंचे अवाढव्य गोठे! पाहुणे आले, की दुधाचा डबा दाखवून ‘हे आमच्या गावचं’ असं सांगायची आम्हांला भारी हौस. हे गाव जमिनीखालच्या पाण्यावर वाढलं. १९५१ साली सुरू झालेली दम्माम-रियाध रेल्वेसुद्धा खर्जवरूनच गेली.

पण आमच्या गल्लीत फायबरची केबल काही येईना. दोन गल्ल्या पलीकडे होती. इकडे व्हिडिओ कॉल लावला, की बार्शीच्या आईचा चेहरा अर्ध्या वाक्यातच थिजायचा. सोलापूरला तिची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा डॉक्टरांचं बोलणं आम्ही तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. त्यानंतर मात्र आम्ही, खालचे केरळी शेजारी आणि वरचे सुदानी मास्तर सह्या गोळा करत दारोदार फिरलो.

फिरताना आम्हांला टोपीका आठवलं. २०१० साली आम्ही कॅन्ससमध्ये एम.एस. करत होतो, तेव्हा हे शहर आमच्यापासून तासाभरावर. गूगलने जाहीर केलं, सेकंदाला एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट देऊ, गावांनी अर्ज करावेत. अकराशेच्या आसपास गावं रांगेत! टोपीकाने तर मार्च महिन्यापुरतं स्वतःचं नावच ‘गूगल’ करून टाकलं. डुलूथच्या महापौरांनी गोठवणाऱ्या लेक सुपीरियरमध्ये उडी मारली. आम्ही विद्यार्थी पोट धरून हसलो.

३० मार्च २०११ ला नाव निघालं ते कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीचं. तिथली वीजव्यवस्था सार्वजनिक मालकीची. खांबांवरून केबल न्यायची बोलणी एकाच दारात! आमच्यातल्या इंजिनिअरला पटलेलं कारण हेच. पुढे २०१२ मध्ये तिथल्या वस्त्यांतही चुरस लागली. घरटी दहा डॉलर भरून जिथे पुरेशी नावं नोंदली जातील, तिथे केबल येणार. गरीब वस्त्यांत स्वयंसेवकांना घरोघर फिरावं लागलं. तेव्हा मात्र हसू आलं नाही.

बार्शीकराला हे नवं नाही म्हणा. मोठी रेल्वे गावाला चुकवून कुर्डुवाडीवरून गेली. मग १८९७ मध्ये छोटी बार्शी लाइट रेल्वे धावू लागली, तेव्हा कुठे गाव जोडलं गेलं.

इथे सह्या झाल्या, पण घरमालकाला भिंतीला भोक नको होतं. सुदानी मास्तरांनी त्यांच्याकडे तीनदा कॉफी घेतली, तेव्हा भोक मंजूर झालं. आता चर शेजारच्या गल्लीपर्यंत आलाय. आईला आनंदाने सांगितलं, तर म्हणाली, “अरे, आपल्या आळीत ते कधीच आलंय. तूच मागे राहिलास की!”